ठिपक्यांची शिरोरेषा

आज एप्सन एफएक्स-८०चं जुनं मॅन्युअल पुन्हा चाळलं. २७ हा एस्केप कोड गेला की प्रिंटर पुढचं अक्षर छापत नाही, हुकूम समजतो. मागून ‘के’ आला, तर चित्र! मग प्रत्येक बाइट म्हणजे आठ पिनांची एक उभी रांग. सर्वांत वरची पिन १२८, खालची १. बेरीज करायची नि पाठवायची. ओळींतलं अंतर २४/२१६ इंच ठेवलं की पट्ट्या सांधा न दिसता जुळतात.

स्वतःचं अक्षर घडवताना मात्र जाचक अट: आडव्या रांगेत लगतचे दोन ठिपके चालत नाहीत. रोमनचं फारसं अडत नाही. आपली शिरोरेषा धावदोऱ्यासारखी उसवते. त्यापेक्षा देवनागरी ‘एल’ कोडने चित्र म्हणूनच छापावी, इंचाला १२० ठिपके. वेळ लागतो, पण रेघ सलग येते.