"खालचं बीपी तर नॉर्मल आहे ना, डॉक्टर?"

"मग गोळी कशाला वाढवताय?" सात रस्त्याजवळच्या माझ्या दवाखान्यात किडनीचे पेशंट हे वरचेवर विचारतात. समजा, तुमचं बीपी 168/66 आलं. तुम्ही 66 बघून निवांत होता. माझी नजर मात्र दोन आकड्यांमधल्या 102 च्या अंतरावर जाते. एरवी हे अंतर 40 च्या आसपास असतं.

झाडांना पाणी घालायचा नवा पाइप मऊ असतो, सोलापूरच्या दोन उन्हाळ्यांत तो कडक होतो. हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनीही मुळात लवचिक असते. ठोका पडला की ती फुगते आणि दोन ठोक्यांच्या मध्ये आकसून रक्त पुढे ढकलते. ती कडक झाली की फुगत नाही, म्हणून वरचा आकडा चढतो. मधल्या वेळेत ढकलायला जोर उरत नाही, म्हणून खालचा उतरतो. म्हणजे तो 66 चांगल्या तब्येतीचा असेलच असं नाही.

वयाबरोबर हे सगळ्यांचंच होतं, किडनीच्या आजारात लवकर होतं. मीठ-पाणी अंगात साठतं, पुढे रक्तात फॉस्फरस वाढतो आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतच कॅल्शियम जमू लागतं. त्यात मधुमेह किंवा विडी-तंबाखू असेल तर विचारूच नका. हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, त्याचा स्नायू जाड होतो. किडनीच्या रोग्यांचं हृदय मोठं झालेलं असतं, हे लंडनच्या डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी 1836 मध्येच नोंदवलं होतं. तेव्हा बीपी मोजायचा पट्टासुद्धा निघालेला नव्हता. आजही किडनीचे कितीतरी रुग्ण डायलिसिसची वेळ येण्याआधीच हृदयविकाराने जातात. तरी लोक क्रिएटिनिनचे रिपोर्ट फाइलला लावून आणतात आणि बीपीची वही कुणाकडेच नसते! घरी पाच मिनिटं शांत बसून मोजा, लिहून ठेवा.

शेंगा चटणी सोडा, असं सोलापूरकराला सांगायची माझी हिंमत नाही. पोटॅशियम-फॉस्फरस ठीक असेल तर थोडी खा, पण सोबत पापड, लोणचं, फरसाण नको. दिवसाचं मीठ सगळं मिळून एक सपाट चहाचा चमचा. 'लो सोडियम' मीठ मनाने आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, ते रक्तात वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. यंत्रमागावर उभं राहून कंबर धरली म्हणून मेडिकलमधून आणलेली दुखण्यावरची गोळीही बीपी वाढवते आणि किडनीला मारते.

बीपीच्या काही गोळ्या किडनीलाही जपतात. त्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं. घाबरून बंद करू नका, दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून दाखवा. मात्र मे महिन्यात जुलाब-उलट्या लागल्या, अंगातलं पाणी गेलं, तर त्याच दिवशी फोन करून विचारा. यांतल्या काही गोळ्या तेवढे दिवस थांबवाव्या लागतात.