बाळाच्या गोवराच्या लसीबद्दल

चि. राणीस,


तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "आम्हा सगळ्या भावंडांना गोवर निघाला, आपोआप बराही झाला, लस कशाला?" त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. एकदा होऊन गेलेला गोवर सहसा पुन्हा होत नाही. १८४६ साली फेरो बेटांवर साथ आली, तेव्हा सुमारे ७,८०० वस्तीतली ६,००० माणसं आजारी पडली. पण १७८१च्या साथीत ज्यांना गोवर झाला होता, त्या म्हाताऱ्यांना तो पुन्हा झाला नाही, अशी नोंद पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरनं केली. ६५ वर्षं शरीरानं त्याची ओळख ठेवली होती.

मात्र ही ओळख फार महाग पडते. आधीचे आजार लक्षात ठेवणाऱ्या पेशींवरच गोवराचा विषाणू घाला घालतो. लस न घेतलेल्या मुलांच्या अंगातली ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं गोवरानंतर नाहीशी झाल्याचं २०१९ साली एका अभ्यासात दिसलं. वॉर्डात अशी मुलं मी पाहिली आहेत. पुरळ मावळतं, आई निर्धास्त होते आणि काही आठवड्यांनी मूल न्यूमोनियानं धापा टाकत परत येतं. तेव्हा गोवराचं नाव कुणी काढत नाही.

लसीत तोच विषाणू, पण अशक्त केलेला असतो. शरीर त्याला ओळखायला शिकतं आणि जुनी शिदोरीही शाबूत राहते. आठवड्याभरानं थोडा ताप आला, चार पुटकुळ्या दिसल्या, तर घाबरू नकोस.

"घरातच जपू" म्हणून भागत नाही. पुरळ उठण्याआधी चार दिवस रोगी आजार पसरवत असतो आणि तो निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो.

गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. सरकारी केंद्रात दोन्ही मोफत मिळतात. या वयात पहिल्या डोसनं शंभरातल्या साधारण ८५ मुलांनाच संरक्षण मिळतं, म्हणून दुसरा चुकवायचा नाही. तुझ्या जावेची तान्ही लसीसाठी अजून लहान आहे. तिची भिस्त घरातल्या मोठ्या मुलांनी लस घेण्यावरच.

लसीकरणाच्या दिवशी सासूबाईंनाच सोबत घेऊन जा. त्यांचे सगळे प्रश्न नर्सबाईंना मोकळेपणानं विचारू देत.

तुझी,
मावशी