वेदना जागा बदलते तेव्हा

रुग्ण तक्रार सांगत असतो आणि शेजारी बसलेला मुलगा माझ्याकडे बघून हळूच मान हलवतो. गेल्या महिन्यात बाबांच्या तळपायांची आग होत होती, आता मुंग्या आहेत, मध्येच पोटरीत करंट मारल्यासारखं होतं आणि परवा दिवसभर काहीच नव्हतं. घरच्यांना वाटतं, हे मनाचे खेळ. त्यातून नर्व्ह कंडक्शनची तपासणी नॉर्मल आली, की त्या माणसाची बाजू घ्यायला कोणी उरत नाही. न्यूरॉलॉजिस्ट म्हणून मला ती घ्यायची आहे.

त्या तपासणीत मोजले जातात ते जाड मज्जातंतू, सेकंदाला 40 ते 60 मीटर वेगानं संदेश नेणारे. आग, चटका, गार-गरम ज्या बारीक तंतूंतून जातं, त्यांतल्या सर्वांत बारीक तंतूंचा वेग सेकंदाला जेमतेम मीटर-दोन मीटर. ते या तपासणीत दिसतच नाहीत. त्यामुळे रिपोर्ट स्वच्छ आणि पाय पेटलेले, असं खरोखर होतं. दुखावलेला तंतू काहीही लागलेलं नसताना आपणहून संदेश सोडत राहतो; आज हा, उद्या शेजारचा. रात्री मन गुंतवायला काही नसतं, तेव्हा तेच संदेश मोठे होतात आणि पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही.

काही बदल उपचारानंतरही होतात. मधुमेहात फार काळ चढलेली साखर थोड्या आठवड्यांत झपाट्यानं खाली आली, तर काहींच्या पायांची आग एकदम भडकते. ‘इन्सुलिनच बाधलं’ म्हणून ते सोडून देणं घातक. ही आग बहुतेकांची काही महिन्यांत ओसरते. साखर किती वेगानं उतरवायची, ते डॉक्टरांशी बोलून ठरवावं. शाकाहारी असाल, मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल, तर बी-12 तपासून घ्याच. ती कमतरता भरून काढता येते.

मला खरी धास्ती वाटते ती तक्रार थांबल्यावर. आग गेली, रुग्ण खूश. कधी तो खरंच बरा होत असतो, कधी दुखणारा तंतूच मेलेला असतो. हा फरक घरबसल्या कळत नाही. 10 ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून आणि 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्यावर धरून पाय बधिर झालाय का, ते आम्ही काही मिनिटांत पाहतो. बधिर पायाला देवळाची तापलेली फरशी कळत नाही, बादलीतलं कढत पाणी कळत नाही, चपलेतला खडा कळत नाही. म्हणून पाय शेकू नका, असं मी हट्टानं सांगतो, आणि झोपण्याआधी तळवे आरशात बघायला लावतो.

काशाच्या वाटीला मात्र माझी हरकत नाही. तूप लावून तळवे घासले, की जाड तंतूंतून स्पर्शाचे संदेश जातात आणि ते मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना अडवत असावेत. मेल्झॅक आणि वॉल यांनी 1965 साली मांडलेला सिद्धांत हाच. कातडी कुठे फाटलेली नसावी आणि बोटांच्या बेचक्यांत तूप राहू नये, एवढं पाहा.

प्रिगॅबॅलिन, ड्युलॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन या वेदनेवरच्या औषधांचा गुण कळायला काही आठवडे लागतात. दोन रात्रींत निकाल लावू नका, आणि गोळी एकदम बंदही करू नका. वेदना निम्म्यावर आली आणि झोप लागू लागली, तर औषध लागू पडलं असं मी मानतो. वहीत रोज एक ओळ लिहा: कुठे दुखलं, कसं दुखलं, झोप लागली का. महिन्याभराची अशी वही मला एखाद्या महागड्या तपासणीहून जास्त सांगते.

एक बदल मात्र वहीत लिहीत बसायचा नाही. पायांतली ताकद काही तासांत, दिवसांत कमी होत अशक्तपणा वर चढू लागला, चवडा उचलेना, गिळणं किंवा श्वास जड झाला, तर थेट रुग्णालय गाठा. 2025च्या जानेवारीत पुण्यात ज्या जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोमचे) रुग्ण एकाएकी वाढले, त्याची सुरुवातही अनेकदा मुंग्यांनीच होते, आणि त्यावरच्या इम्युनोग्लोब्युलिनचा किंवा प्लाझ्मा बदलण्याचा फायदा पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो.