हाताचा अंदाज

आपल्या मराठीत हाताला मोठा मान आहे. कुणाच्या हाताला चव असते, कुणाच्या हाताला गुण असतो, कुणाचा एखाद्या कामात हातखंडा असतो. वडीलधाऱ्यांचा हात डोक्यावर असावा, असेही आपण म्हणतो. बिचाऱ्या डोक्याच्या वाट्याला मात्र डोके दुखणे आणि डोके फिरणे एवढेच आलेले दिसते! शिकलेल्या माणसांच्या भाषेतही हाताचे हे कौतुक टिकून आहे, याचे मला नेहमी बरे वाटते.

आमच्या घरात हा मान अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना होता. त्यांची शाळा चौथीत सुटली, पण हात कधी रिकामा राहिला नाही. आमचे गाव पलूस तालुक्यात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली जिथे कारखाना काढला ती किर्लोस्करवाडी याच भागात. नांगर आणि पाणी उपसण्याची यंत्रे या मुलखाला परकी नाहीत. वीज येण्याआधी विहिरीवर डिझेल इंजिने धडधडत असत. आमच्या विहिरीवरचे इंजिन अण्णांनी वयाच्या बाराव्या वर्षापासून हाताळले. ते नुसता आवाज ऐकून सांगत, “ह्याचं तेल सरलंय.” आजूबाजूचे शेतकरी इंजिन अडले की त्यांनाच बोलावून नेत.

मग विजेची मोटार आली, डिझेल इंजिन कोपऱ्यात गेले आणि अण्णांच्या हाताला एक मोटारसायकल मिळाली. २००९ सालची, हिरो आणि होंडा या दोन कंपन्या अजून एकत्र होत्या त्या वेळची स्प्लेंडर. आम्हाला ती जुनी मिळाली. पहाटे डेअरीला दुधाच्या किटल्या न्यायच्या आणि परत येऊन मला तीन किलोमीटरवरच्या फाट्यावर एस.टी.ला सोडायचे, हा तिचा नेम. त्या गाडीवर आमच्या घराचे दूध आणि माझे शिक्षण अशी दोन ओझी होती.

तेल बदलायला मेस्त्री शंभर रुपये मजुरी घेतो. अण्णांचे म्हणणे, “एक नट काढायचा नि लावायचा, त्याला शंभर कशाला?” म्हणणे खोटे नव्हते. इंजिनाच्या खालचा नट सतरा नंबरच्या पान्याने काढायचा, काळे तेल घमेल्यात सोडायचे, नट आवळायचा आणि वरून नवे तेल ओतायचे. गेल्या पावसाळ्याआधी अण्णांनी हे सारे घरी केले. नट आवळताना पान्याच्या दांड्यात त्यांनी पाइपाचा तुकडा घातला, म्हणजे जोर वाढतो. डिझेल इंजिनाला ते तसेच करीत. शेवटच्या झटक्याला नट एकदम सैल फिरला. आटे गेले होते.

अण्णा घाबरले नाहीत. पाइपलाइनच्या सांध्याला लावतात ती पांढरी टेप त्यांनी नटावर गुंडाळली आणि तो पुन्हा बसवला. गळती थांबली. “आता थेंब न्हाई गळायचा,” ते म्हणाले. थंड इंजिनात तो खरोखरच गळला नाही. पण इंजिन तापले की तेल पातळ होते आणि गाडीच्या हादऱ्यांनी सैल नट आणखी सैल होतो. तेल वाटेत, थेंबाथेंबाने जात राहिले. गोठ्यात गाडी उभी असे तिथे माती आणि कडब्याचा चुरा. त्यात तेलाचा डाग दिसणार कसा?

पाचव्या दिवशी, डेअरीच्या चढावर, कुणीतरी मागून धरावे तशी गाडी ओढू लागली आणि मागचे चाक जागीच थांबले. अण्णांनी क्लच दाबला म्हणून पडणे टळले. किक पायाने हलेना. दूध शेजाऱ्याच्या गाडीवरून गेले आणि गाडी ढकलत मेस्त्रीकडे.

इंजिन उघडले तेव्हा मी तिथे होते. मेस्त्री अण्णांपेक्षा वीस वर्षांनी लहान. त्याने पिस्टन काढून कापडावर ठेवला. गुळगुळीत असायला हवा त्या अंगावर उभे ओरखडे होते आणि रिंगा खाचांत घट्ट रुतल्या होत्या. सिलेंडरच्या भिंतीला पिस्टनचे ॲल्युमिनियम चाटून बसले होते. वरच्या डोक्यातल्या कॅमशाफ्टवरही चरे पडले होते. तेल कमी झाले की सर्वांत वरचा भाग आधी कोरडा पडतो. मेस्त्री हळूच म्हणाला, “अण्णा, तुमचा हात बिडाचा. ही गाडी ॲल्युमिनियमची.”

त्या एका वाक्यात सारे कारण आले होते. विहिरीवरचे इंजिन बिडाचे, जाड अंगाचे. त्याचा नट माणसाने अंग टाकून आवळला तरी आटे टिकत. मोटारसायकलचे कवच हलके राहावे म्हणून ॲल्युमिनियमचे करतात. त्यात पोलादी नट जोराने आवळला, तर नटाला काही होत नाही. मऊ धातूचे आटे सोलून निघतात.

पुढचे मी कॉलेजच्या ग्रंथालयात शोधले. मी कलाशाखेची, विज्ञानाच्या कपाटाकडे प्रथमच गेले. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडापेक्षा सुमारे दुपटीने प्रसरण पावते. आमच्या गाडीचा पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलेंडरच्या आतली नळी बिडाची. दोघांमध्ये केसाहून बारीक फट, आणि त्या फटीत तेलाचा पातळ थर. तो थर घर्षण कमी करतो आणि उष्णताही वाहून नेतो. तेल संपले की पिस्टन तापून फुगतो, नळी तितकी फुगत नाही, आणि पिस्टन तिथेच पकडला जातो. या इंजिनात पिस्टन एका खेपेला ४९.५ मिलिमीटर सरकतो. मिनिटाला ५००० फेरे धरले तर त्याची धाव मिनिटाला जवळजवळ ५०० मीटर होते. विहिरीवरचे इंजिन मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांवर निवांत चाले. तेल कमी पडले तर ते आधी कुरकुर करी, सांगून थकत असे. ही छोटी गाडी इतक्या घाईत असते, की तिची कुरकुर ऐकू येईतो काम झालेले असते. तेल सरले हे सांगणारा दिवाही तिला नाही; तेलपट्टी काढून पाहावी लागते.

सिलेंडर बोअर करणे, मोठ्या मापाचा पिस्टन, रिंगा, कॅमशाफ्ट, नटाच्या भोकाची दुरुस्ती आणि मजुरी मिळून साडेसात हजार झाले. दोन शेळ्या विकल्या. पंधरा दिवस मी फाट्यापर्यंत चालत गेले. चालण्याचे मला दुःख नव्हते. घरातली शांतता मात्र सोसवत नव्हती. आई काही बोलत नव्हती, अण्णा तर मुळीच नाही. चुलते मात्र बोलले, “म्हैनाभर पोरगी कॉलेजला न्हाई गेली तर काय बिघडतंय? एस.टी.चा पास तरी वाचंल.”

अण्णांनी मान वर केली. “बिघडलंय ते माझ्या हातनं. तिच्या शिक्षणातनं का भरून घ्यायचं?”

त्यांच्या तोंडून ही कबुली मी पहिल्यांदाच ऐकली. चुलते गप्प झाले. पण त्या दिवसापासून अण्णांनी पाना उचलला नाही. सायकलची चेन उतरली तरी म्हणत, “मेस्त्रीला दाखीव.” साडेसात हजारांपेक्षा मला हे नुकसान मोठे वाटले.

गावात लोक म्हणाले, अडाण्याने यंत्राला हात लावू नये. मला हे पटत नाही. अण्णांची चूक अज्ञानाची नव्हती. नट घट्ट आवळावा, हे चाळीस वर्षांच्या अनुभवाने त्यांना शिकवले होते आणि ते खरेच होते. फक्त ज्या धातूवर ते शिकले तो धातू बदलला होता. पांढरी टेपही तशीच. पाइपलाइनवर तिने त्यांना कधी दगा दिला नव्हता.

किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढले, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असे समजून शेतकरी ते घेईनात, असे सांगतात. आज आपण त्या शेतकऱ्यांना हसतो. पण पिढ्यान् पिढ्या लाकडी नांगर धरलेल्या हाताला लोखंडाचा भरवसा एका दिवसात कसा यावा? आपण शिकलेली माणसे तरी वेगळे काय करतो? एका विषयात उपयोगी पडलेला नियम दुसऱ्या विषयाला लावतो, एका गावात पटलेले मत साऱ्या जगाला लावतो, आणि बसत नसेल तर पाइप घालून आणखी जोर करतो. आपले आटे जातात तेव्हा आवाज होत नाही, एवढाच काय तो फरक.

दिवाळीनंतर तेल बदलण्याची वेळ आली. अण्णा गाडी घेऊन मेस्त्रीकडे गेले आणि शेजारी उकिडवे बसून पाहू लागले. मेस्त्रीने नटाला नवे वायसर घातले, नट आधी बोटांनीच फिरवला आणि मग पाना अण्णांच्या हाती दिला. “पाना आखूड धरा. मनगटानं आवळा, खांद्यानं नगं.” अण्णांनी तसे केले. मग गाडी सपाट जागी स्टँडवर लावली, दोन-तीन मिनिटे चालू ठेवून बंद केली, तेल खाली बसू दिले आणि तेलपट्टी पुसून, न फिरवता, नुसती टेकवून पाहिली. तेल दोन खुणांच्या मध्ये होते. मेस्त्रीने त्या दिवशी मजुरी घेतली नाही.

आता दर रविवारी सकाळी अण्णा ती पट्टी काढून पाहतात आणि कधी कधी मलाही पाहायला लावतात. पन्नाशी ओलांडलेल्या हाताने नवा अंदाज शिकून घेतला, याचा मला माझ्या परीक्षेच्या गुणांहून अधिक अभिमान वाटतो. मेस्त्री म्हणतो, गेलेले आटे पुन्हा पाडता येतात. मात्र त्यासाठी भोक थोडे मोठे करावे लागते.