गर्दीतला वामन

लोककवी वामनदादा कर्डक सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. मला मात्र ओढ आहे ती त्याआधीच्या वामनची. सिनेमाच्या वेडाने झपाटलेल्या, एक्स्ट्रा म्हणून कॅमेऱ्यासमोरच्या गर्दीत उभं राहणाऱ्या पोराची.

त्याचा जन्म 15 ऑगस्ट 1922चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. घरात अठराविश्वे दारिद्र्य. शाळा त्याच्या वाट्याला आलीच नाही. तो सात वर्षांचा असताना नाशकात काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. तेराव्या वर्षी त्याच्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. इतिहास इतक्या जवळून चालला होता आणि पोर पोटामागे धावत होतं.

पोटच त्याला आईबरोबर मुंबईला घेऊन गेलं. गिरणीत राबला, कोळसा वाहिला, चिक्की विकली. शिवडीच्या चाळीत कुणी पत्र वाचायला दिलं, तेव्हा आपल्याला अक्षर येत नाही हे त्याच्या जिव्हारी लागलं. मग देहलवी मास्तरांकडे मुळाक्षरं गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरं सोडवली. एकीकडे स्टुडिओंच्या खेपा चालूच होत्या. पडद्याने त्याला नाव दिलं नाही, पण सिनेमाच्या चाली कानात कायमच्या मुरल्या.

1943 साली त्याने पहिलं गाणं रचलं. एका हिंदी गाण्याचं ते विडंबन होतं. त्याच वर्षी नायगावला त्याने बाबासाहेबांना पाहिलं, आणि त्या गळ्याला आयुष्यभराचा विषय मिळाला.

या वळणावर त्याने जुनं काही फेकून दिलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. लोक कुठल्या चालीवर मान डोलावतात, कुठला शब्द ओठांवर चटकन बसतो, हे त्याला सिनेमाने शिकवलं होतं. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंत विचार कसा न्यायचा, हे त्याला शिकवावं लागलं नाही. कालपर्यंत तो स्वतःच तिथे होता. जे कानाने कमावलं, ते त्याने वस्तीवस्तीत वाटलं.

पुढे 1959च्या ‘सांगते ऐका’त त्यांचं गाणं आलं. एकेकाळी बाहेर ठेवणाऱ्या पडद्याने अखेर आत घेतलं, तरी दादांनी तिथे मुक्काम केला नाही. गावोगावच्या मंडपांत, कंदिलाच्या उजेडातसुद्धा, ते गात राहिले. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ असे संग्रह आले. 15 मे 2004 रोजी नाशकातच त्यांनी अखेरचा श्वास घेतला.

कुसुमाग्रजांचं गाव म्हणून आपण नाशिककर अभिमानाने सांगतो. तितक्याच अभिमानाने वामनदादांचंही सांगू या. त्यांचं गाणं फक्त एप्रिलमधल्या आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीपुरतं ठेवू नका. ते मुलांच्या वर्गात, घराच्या ओसरीवर, वर्षभर ऐकू येऊ द्या.