भिंतीपासून केंद्रकाकडे

वीतभर अंतरावरच्या कागदावर दोन ठिपके मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढे दूर असले, तर निरोगी डोळ्याला ते कसेबसे वेगळे दिसतात. त्याहून जवळ आले की दोहोंचा एक होतो. सजीव ज्यांचे बनले आहेत, त्या पेशी बहुतेक करून या मर्यादेच्या पलीकडे राहतात. कोंबडीच्या अंड्यातला पिवळा बलक ही मूळची एकच पेशी, पण असा ढळढळीत अपवाद विरळा. माणसाच्या रक्तातल्या शंभराहून अधिक तांबड्या पेशी एका ओळीत मांडाव्या, तेव्हा कुठे एक मिलिमीटर भरतो.

पेशीची पहिली ओळख झाली ती मेलेल्या पेशींतून. लंडनच्या रॉयल सोसायटीत प्रयोगांची जबाबदारी सांभाळणारे रॉबर्ट हूक एका साध्या प्रश्नाच्या मागे होते: बूच इतके हलके का? ते पाण्यावर तरंगते, दाबले की दबते, सोडले की पुन्हा फुगते, ते कशामुळे? त्यांनी चाकूला वस्तऱ्याची धार लावली, बुचाचा अतिशय पातळ काप काढला, पांढुरका काप उठून दिसावा म्हणून काळ्या तबकडीवर ठेवला आणि भिंगाने त्यावर प्रकाश एकवटला. मधाच्या पोळ्यासारखे कप्पेच कप्पे दिसले. १६६५ मध्ये ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात त्यांनी त्यांचे चित्र दिले आणि हिशेबही मांडला: घन इंचभर बुचात असे शंभर कोटींहून अधिक कप्पे. बुचाच्या हलकेपणाचे उत्तर सापडले. कप्प्यांत हवा होती. तिथला जीव केव्हाच गेला होता आणि त्याने उभारलेल्या भिंती तेवढ्या उरल्या होत्या. ओल्या वनस्पतींत हूक यांना हेच कप्पे रसाने भरलेले दिसले, पण त्या रसाचे मोल उमगायला आणखी दीडशेहून अधिक वर्षे जायची होती.

डेल्फ्ट या डच शहरातले कापडाचे व्यापारी अँटनी व्हान ल्युवेनहॉक यांची वाट निराळी. हूक यांच्या सूक्ष्मदर्शकात एकामागे एक भिंगे होती. त्यामुळे प्रतिमेला रंगीत कडा येत आणि तपशील पुसट होई. ल्युवेनहॉक यांनी धातूच्या छोट्या पट्टीत एकच इवलेसे भिंग बसवले. त्यांच्या आज उरलेल्या उपकरणांपैकी सर्वांत समर्थ उपकरण वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवते. ते डोळ्याशी अगदी चिकटवून धरावे लागे. १६७४ मध्ये त्यांनी तळ्याचे पाणी पाहिले, पुढे पावसाचे, आणि आपल्या दातांवरचे किटणसुद्धा. जिकडेतिकडे वळवळ होती. त्यांना लॅटिन येत नव्हते, म्हणून रॉयल सोसायटीला त्यांची पत्रे डच भाषेत जात. पाण्यातल्या त्या जीवांवर विश्वास ठेवणे तिथल्या विद्वानांना जड गेले. १६७७ मध्ये हूक यांनीच ते स्वतः पाहून खात्री करून दिली. एकाने पेशींच्या रित्या भिंती पाहिल्या होत्या, दुसऱ्याने एकाच पेशीत सारे आयुष्य जगणारे जीव. हे दोन्ही एकच, असे म्हणायला लागणारा विचार मात्र अजून जन्मायचा होता.

१८३० च्या सुमारास जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी भिंगांची जुळणी सुधारली आणि प्रतिमा स्वच्छ झाली. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांना ऑर्किडच्या पेशींत एक गोलसर गडद ठिपका पुन्हा पुन्हा आढळला. तोच केंद्रक. माथियास श्लायडेन यांनी १८३८ मध्ये सगळ्या वनस्पती पेशींच्याच बनलेल्या असल्याचे मांडले. त्याआधी बर्लिनमध्ये एकदा जेवताना ते थिओडोर श्वान यांना वनस्पतींच्या केंद्रकाविषयी सांगत होते. ऐकता ऐकता श्वान यांना आठवले, प्राण्यांच्या ऊतींत आपणही हेच पाहिले आहे. १८३९ मध्ये त्यांनी प्राणीही त्याच विधानात आणले. गवताचे पाते आणि बेडूक यांची घडण एकाच घटकाची आहे, हे तोवर कुणी इतक्या ठामपणे म्हटले नव्हते, आणि पेशीसिद्धांताचे खरे वैभव याच ठामपणात आहे.

पेशी जन्मते कशी, याबाबत मात्र दोघेही चुकले. द्रवातून स्फटिक धरावा तशी ती तयार होते, असे त्यांना वाटले. रॉबर्ट रेमाक यांनी कोंबडीच्या भ्रूणातल्या रक्तपेशी दुभंगताना पाहिल्या आणि नवी पेशी जुन्या पेशीच्या विभाजनातूनच येते, असे सांगितले. १८५५ मध्ये रुडॉल्फ विरचो यांनी तेच सूत्ररूपाने मांडले आणि ते विरचोंच्या नावावर राहिले. वर्गात पेशीसिद्धांत शिकवताना रेमाक यांचे नाव आवर्जून घ्यायला हवे.

हा सारा प्रवास शाळेत एका कांद्यावर पाहता येतो. पाकळीच्या आतल्या बाजूचा पारदर्शक पापुद्रा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा आणि कव्हरस्लिप तिरकी धरून हळूच टेकवायची. घाई झाली तर हवेचे बुडबुडे अडकतात आणि जाड काळ्या कडांची ती वर्तुळेच पेशी म्हणून वहीत उतरतात. पाहायची सुरुवात कमी क्षमतेच्या भिंगाने करावी. डोळ्याजवळचे भिंग दहा पटींचे आणि वस्तूजवळचे चाळीस पटींचे असेल, तर प्रतिमा चारशे पट मोठी दिसते, तीही उलटी. काचपट्टी डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे जाते. आधी दिसतात त्या भिंती. आयोडीनचा थेंब टाकला की केंद्रक पिवळसर तपकिरी होऊन पुढे येतो. हरितलवके इथे नसतात, कारण ही पाकळी उजेडापासून दूर वाढलेली असते; ती हवीत तर हिरवी पात घ्यावी. शेजारच्या काचपट्टीवर गालाच्या आतून हलकेच खरवडलेल्या पेशी ठेवल्या, तर तिथे भित्तिका मुळीच नाही, केंद्रक मात्र आहे. श्वान यांना जाणवलेले साम्य ते हेच.

विभाजन पाहायला मुळे लागतात. कांद्याचा बुडखा ग्लासातल्या पाण्याला टेकवून ठेवला की काही दिवसांत पांढरी मुळे फुटतात. त्यांची टोके शिक्षकांच्या देखरेखीखाली सौम्य आम्लात मऊ करून, रंगवून, काचेखाली अलगद दाबली की काही पेशी विभाजनाच्या ऐन मध्यावर सापडतात. त्यांत केंद्रकाच्या जागी गुणसूत्रांच्या आखूड, गडद कांड्या असतात. नीट पसरलेली पेशी मिळाली तर त्या मोजता येतात: कांद्यात त्या १६ असतात, आणि विभाजन पुरे झाले की दोन्ही नव्या पेशींत प्रत्येकी १६.