सासूबाईंचा हिरवा फळा



दिवाळीनंतर आमच्या घरात पंधरा दिवस एका रंगावरून सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. रंग साडीचा नव्हे, भिंतीचाही नव्हे. कॉम्प्युटरवरचा.

सासूबाईंनी ३२ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. आता वय ७६, आणि डोळ्यांचे पडदे कमजोर झालेत. नात पुण्यात शिकते, खोलीवर शेगडी ठेवून स्वतःपुरतं रांधते. बटाट्याऐवजी कच्चं केळं कसं घालायचं, कांद्याशिवाय रश्शाला दाटपणा कसा आणायचा, असं रोज फोनवर विचारायची. शेवटी आई म्हणाल्या, "मी लिहूनच देते तिला." वहीत लिहिलेलं स्वतःलाच दिसेना, म्हणून कॉम्प्युटरवर टाइप करायला शिकल्या. एकेका बोटानं. पण पांढऱ्याशुभ्र पडद्याची तिरीप त्यांना सोसायची नाही. आमच्याकडे जेवणं सूर्यास्ताच्या आत आटोपतात, त्यामुळे लिहायला निवांत वेळ मिळतो तो अंधार पडल्यावरच, आणि तेव्हा तर पडदा जास्तच टोचतो.

आम्ही लिब्रेऑफिस वापरतो, ते मोफत मिळतं. त्यात टूल्स, मग ऑप्शन्स, मग अ‍ॅप्लिकेशन कलर्स असं गेलं की पानाचा रंग बदलता येतो. (नव्या आवृत्तीत या पानाचं नाव आणि मांडणी बदलली आहे, पण ते ऑप्शन्समध्येच सापडतं.) हा रंग फक्त पडद्यापुरता असतो. छापलं की कागद पांढरा आणि अक्षर काळंच येतं. अक्षराचा रंग 'ऑटोमॅटिक' ठेवला असेल तर पान गडद करताच अक्षरं आपोआप पांढरी होतात. आम्ही आधी काळं पान करून पाहिलं. आई म्हणाल्या, "सुतकी दिसतंय." मग एकेक हिरवा लावत गेलो, आणि एका गडद हिरव्यावर त्या थांबल्या. "हा आमच्या शाळेचा फळा!" त्या योजनेला आम्ही 'फळा' असंच नाव देऊन सेव्ह केलं. त्यावर त्यांची ४२ पानं झाली.

दिवाळीआधी कॉम्प्युटर फारच रेंगाळायला लागला. दुरुस्तीवाल्यानं नवी डिस्क बसवून सगळं पहिल्यापासून टाकायचं ठरवलं. "काय काय जपायचं?" असं त्यानं विचारलं. मी ऐटीत सांगितलं, "डॉक्युमेंट्स आणि फोटो." त्यानं तेवढंच जपलं. त्याची काही चूक नाही.

घरी आणून फाइल उघडली. ४२ च्या ४२ पानं जागेवर होती, फक्त पांढरी फटक. आईंनी डोळ्यांवर हात घेतला आणि उठून गेल्या.

मला वाटलं, त्यात काय, परत हिरवा करू. पण कुठला हिरवा? आकडा कुणी टिपला होता? मी रोज एक नवा हिरवा करायची आणि आई मान हलवायच्या. एक पोपटी वाटे, एक शेवाळी. फोनमधल्या जुन्या फोटोत तो फळा दिसत होता, पण फोटोतला रंग खरा थोडाच उतरतो! शिवाय फक्त रंगच गेला नव्हता. 'जिजि' टाइप केलं की 'जय जिनेंद्र' उमटायचं, तेही बंद झालं. शब्दकोशात आम्ही घातलेले आमच्या बोलीतले शब्द चुकीचे ठरून त्यांच्याखाली लाल रेघा आल्या. आई म्हणाल्या, "राहू दे गं. तिला फोनवरच सांगेन." हे मला फार लागलं. कारण फोनवर त्या अर्धं विसरतात, आणि ते त्यांनाही कळतं.

दिवाळीची सुट्टी लांबवून थांबलेला पुतण्या म्हणाला, "काकू, जुनी डिस्क कुठाय?" ती पिशवीत घालून मी कपाटात ठेवली होती, भंगारात द्यायची म्हणून! त्यानं ती केबलनं जोडली. तेव्हा मला कळलं की आपले रंग, शब्द आणि सवयी कागदपत्रांबरोबर राहतच नाहीत. विंडोजमध्ये त्या आपल्या नावाच्या फोल्डरात, अ‍ॅपडेटा, मग रोमिंग, मग लिब्रेऑफिस, मग ४, मग युझर, अशा आतल्या खोलीत असतात. (आवृत्ती कितीही नवी असो, फोल्डरचं नाव ४ च. का, ते मला विचारू नका.) अ‍ॅपडेटा फोल्डर लपवलेलं असतं, म्हणून शोधूनही दिसत नाही. रंग रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स नावाच्या फाइलमध्ये, नवे शब्द वर्डबुक फोल्डरात, आणि 'जिजि' ऑटोकॉर फोल्डरात. लिब्रेऑफिस पूर्ण बंद करून त्यानं जुनं युझर फोल्डर नव्याच्या जागी ठेवलं. नवं फेकलं नाही, नाव बदलून बाजूला ठेवलं. बिघडलंच काही तर परत लावता येईल म्हणून.

उघडलं, आणि फळा!

आता मी दोन गोष्टी करते. रंगाच्या खिडकीत हेक्स नावाचा सहा अक्षरांचा आकडा असतो. आमचा १एफ३डी२बी. तो मी गॅसची टाकी लावल्याची तारीख लिहितो त्या वहीत लिहून ठेवला. आणि महिन्यातून एकदा हेल्पमधून सेफ मोड उघडून, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन युझर प्रोफाइलची झिप फाइल करते आणि पेनड्राइव्हवर टाकते. त्याच खिडकीत फॅक्टरी सेटिंगवर नेणाराही पर्याय आहे, तिथे चुकूनही बोट नको. ती झिप कुणाला पाठवूही नका. आपण कुठल्या फाइली उघडल्या त्यांची नावं तिच्यात असतात.

नातीनं मेलनं पाठवलेला मजकूर इथे चिकटवला तर कधीकधी फळ्यावर काहीच दिसत नाही, कारण त्याच्या अक्षरांना काळा रंग पक्का लावलेला असतो. तो मजकूर निवडून कंट्रोल आणि एम दाबलं की पांढरी अक्षरं वर येतात. आईंना याची भारी गंमत वाटते.

त्या संध्याकाळी मी भांडी आवरून आले तर आई खुर्चीत बसलेल्या. शाळेतल्यासारखी वरच्या कोपऱ्यात तारीख घातली होती, आणि खाली 'कच्च्या केळ्याची भाजी' असं लिहून मोहरी किती, यावर अडल्या होत्या.